उटीला बांधलेली दोरी

दाजी,

तुमच्या दशक्रियेला घोडनदीच्या काठावर अकरा जणांनी भाषणे केली. मी ती मोजली, कारण ऐकण्यासारखे त्यांत फारसे नव्हते आणि मोजण्याची मला सवय आहे. अकरांपैकी सात जणांनी तुम्हाला ‘घाटाचा वाघ’ म्हटले. दोघांनी तुमचे नाव चुकवले. एकाने तुमच्यापासून सुरुवात करून सोसायटीच्या निवडणुकीवर समारोप केला. माइकवाल्याने अधूनमधून ‘हॅलो, हॅलो’ म्हटले, तेवढे मात्र सर्वांना नीट ऐकू आले. शेवटी तुमचे मालक उठले. ज्यांच्या गाडीवर तुम्ही बावीस वर्षे काढलीत ते मालक. त्यांनी सांगितले की अंकुशरावांसारखा घाट उतरणारा ड्रायव्हर शिरूर तालुक्यात पुन्हा होणे नाही. माळशेज असा उतरायचे की इंजिनाचा आवाजसुद्धा येत नसे. लोकांनी माना डोलावल्या. आवाज का येत नसे हे ज्यांना ठाऊक होते, ते वाळूत काड्यांनी रेघा ओढत बसले.

मलाही बोलायला सांगितले होते. “गुरुजी, मेहुण्याच्या नात्यानं दोन शब्द.” मी उठलो नाही. लोकांना वाटले, मला हुंदका आवरत नसावा. तसे काही नव्हते. तुमच्याविषयी मला जे खरे वाटत होते ते तेथे बोलण्याजोगे नव्हते, आणि बोलण्याजोगे जे काही होते ते मालकांनी आधीच उष्टे करून ठेवले होते.

म्हणून आता लिहितो. क्रमाने लिहितो, कारण क्रम सोडला की माणूस सोयीचे तेवढेच सांगतो. ते मी पुष्कळ वर्षे केले आहे.

आपल्या दोघांत वाद एकच होता आणि तो नऊ वर्षे चालला. घाटात सोडलेला एक दगड कोणाचा, एवढाच तो वाद. बाकी सगळ्या बाबतींत तुम्ही मला मान दिलात आणि मी तुमच्या घरचे अन्न खाल्ले. पण त्या दगडापाशी आलो की मी तुम्हाला हलका माणूस समजत असे. समजत असे, असे लिहिताना हात थोडा थांबतो. तरी शब्द बदलत नाही.

आधी त्या न येणाऱ्या आवाजाविषयी सांगतो. हा लेख वाचणाऱ्या सर्वांनी ट्रक चालवलेला नसेल. उंचावरून उतरणाऱ्या वजनात ऊर्जा असते आणि ती कोठेतरी जावीच लागते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर तिचा मोठा भाग इंजिन शोषून घेते. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंजिन बंद केले, तर सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकचे ड्रम तापतात, लायनर जळू लागतात. शिवाय इंजिन बंद म्हणजे ब्रेकला हवा पुरवणारा पंपही बंद. अशा गाडीत बसलेला माणूस गाडी चालवत नसतो. तो फक्त तिच्यात बसलेला असतो. हे आठवीच्या मुलाला दहा मिनिटांत समजते. तुमच्या धंद्यात मात्र यालाच कसब म्हणत. थोडे डिझेल वाचे, मालक खूश होई. त्याने कधी तसे करायला सांगितले नाही आणि कधी अडवलेही नाही. अशा माणसाला काही सांगावे लागत नाही.

तुम्ही शिरूरच्या घरी भाकरी कुस्करता कुस्करता सांगायचा, “मास्तर, वरच्या टपरीपासनं न्यूटल केली ती खालच्या पुलावर जाऊनच गिअर टाकला. मधी इंजिनाला बोट लावलं न्हाई.”

मी म्हणायचो, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरायचा असतो. तुम्ही माझ्याकडे न बघता अक्काला सांगायचा, “तुज्या भावाला एकदा घाटात न्याया पायजे. फळ्यावर गाड्या लई चांगल्या चालत्यात.” अक्का हसायची. माझी सख्खी बहीण, पण त्या क्षणी ती तुमची बायको असायची.

तुमच्या धंद्याचे मला सगळेच तसे वाटे. घाटाच्या तोंडाशी देवीपुढे नारळ फोडायचा आणि झिजलेल्या लायनरवर गाडी सोडायची. दहा टनांच्या जागी चौदा टन भरायचे आणि काचेवर लिंबू-मिरची बांधायची. हँडब्रेक हा तुमच्या गाडीत टॉवेल अडकवायचा दांडा होता. चढावर इंजिन धापा टाकू लागले की तुम्ही सगळे त्याला जनावरासारख्या शिव्या द्यायचा, आणि ज्याने भार चढवला त्याला ‘मालक’ म्हणायचा. मला या सगळ्याची किळस होती, आणि ती मी लपवतही नसे.

मग तो मे महिना आला. तुमचा क्लीनर लग्नासाठी गावी गेला होता आणि मला शाळेची सुट्टी होती. अक्का म्हणाली, जा, तेवढीच दाजींना सोबत. मी निघालो. उताराचा कोन प्रत्यक्ष पाहून वहीत टिपावा, असा माझा हेतू होता. वही आणि कोनमापक बरोबर घेतला होता. तुम्ही त्या कोनमापकाकडे पाहिलेत आणि काही बोलला नाहीत, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

जाताना कांदा होता. माळशेज उतरताना तुम्ही माझ्या देखत इंजिन बंद केलेत. केबिनमध्ये एकदम शांतता झाली. टायरांचा आवाज, वारा आणि मागे कांद्याची पोती घासल्याचा आवाज, एवढेच उरले. तिसऱ्या वळणापासून जळक्या लायनरचा वास येऊ लागला. मी समोरची पट्टी दोन्ही हातांनी धरली होती. तुम्ही हलकेच म्हणालात, “कोन मोजा की, मास्तर.”

त्या दिवशी मी तुम्हाला मनातून जे म्हटले ते कागदावर लिहीत नाही.

परतीच्या वाटेवर कल्याणहून लोखंडी सळया भरल्या होत्या, शिक्रापूरच्या एका कारखान्यासाठी. घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवून तुम्ही मला माझे काम समजावलेत. ते तुमच्या शब्दांत मला पाठ आहे. “चढावर गाडी थांबली तर उडी मारायची. मागच्या चाकाला दगड लावायचा. गाडी हालली की दगड उचलून कडंला टाकायचा आन् पळत येऊन चढायचं. एवढंच. तुमच्या बीएस्सीला झेपंल ना?”

मी म्हणालो, झेपेल.

दोन वळणांनंतर इंजिन उकळले. पाण्याचा एकच डबा होता. तुम्ही बॉनेट उघडलेत, वाफ निवू दिलीत, आणि रेडिएटरमध्ये ओतण्याआधी डबा माझ्यापुढे धरलात. “आधी तुमी प्या. त्याला थोडं कमी चालंल.” मी पोटभर प्यालो. उरलेले इंजिनाला पुरले नाही, म्हणून ते आपोआप निवेपर्यंत आपण तासभर उन्हात बसलो. तुम्ही एक घोटही घेतला नव्हता, हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आले. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. आता मानतो. हिशेब वेगवेगळे ठेवावेत, असे मी मुलांना शिकवतो. हा त्यांतला एक.

पुढच्या मोठ्या वळणावर वरून एक बस मधोमध आली आणि तुम्हाला थांबावे लागले. गाडी मागे सरकू लागली. मी उडी मारली. रस्त्याच्या कडेला काळा दगड होता, साधारण पाटीएवढा. वजन आठ किलोच्या आसपास असावे. मी तो दोन्ही हातांनी उचलून मागच्या चाकाखाली सारला. चाक त्यावर टेकले आणि चौदा टन थांबले. खरे सांगतो, मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

बस गेली. तुम्ही पहिला गिअर टाकलात, गाडी पुढे हलली. मी दगड उचलायला वाकलो. चाकाने तो उन्हात मऊ झालेल्या डांबरात बसवला होता. पहिल्या ओढीला निघाला नाही. मागे वाहनांची रांग होती, सगळे हॉर्न वाजवत होते. तुम्ही खिडकीतून बाहेर वाकून ओरडलात, “मास्तर, ऱ्हाऊ द्या त्यो धोंडा. चढा आधी. गाडी परत थांबली तर उचलायची न्हाई.”

मी पळालो आणि चढलो. वळण मागे पडल्यावर मला दगड आठवला. मी बोललो नाही. तुम्हीही बोलला नाहीत. घाटमाथ्याच्या टपरीवर आपण चहा घेतला, आणि तुम्ही टपरीवाल्याला सांगितलेत की आज आमचा क्लीनर बीएस्सी हाय. सगळे हसले. मीही हसलो. पाच वळणे खाली तो दगड रस्त्याच्या मध्यावर बसलेला होता.

दहाएक दिवसांनी मी शिरूरला आलो होतो. तुम्ही फेरीवरून परत आलात आणि अंगणातल्या नळावर हात धुता धुता, माझ्याकडे पाठ करून म्हणालात, “घाटात दूधवाला पडला म्हनं. मोटारसायकलीवर क्यान घिऊन उतरत हुता, सांजचं. दगडावर चाक गेलं. उजवा पाय गुडघ्यातनं काढला.”

मी विचारले, “कुठल्या वळणावर?”

“घाटात वळणं काय कमी हायेत?”

“कधी पडला?”

“त्याच दिशी.”

“दाजी, कुठल्या वळणावर?”

तुम्ही टॉवेलने हात पुसलेत. ते कोरडे झाले तरी पुसत राहिलात. मग म्हणालात, “धोंड्यावर नाव लिवलेलं असतं व्हय, मास्तर?”

त्या वाक्यावर मी तुमचा निकाल लावला. त्यानंतर तुम्ही जे जे केलेत ते मी त्या निकालाच्या उजेडात पाहिले. निकाल आधी आणि पुरावा मागाहून, ही पद्धत विज्ञानाच्या शिक्षकाला शोभत नाही. पण माझी तीच होती. तुम्ही चहा ओरपलात तरी मला वाटे, याला काहीच वाटत नाही. तुम्ही गप्प बसलात तरी तेच वाटे.

माझी बाजू मी तुमच्यापुढे अनेकदा मांडली. दगड मी लावला, हे मान्य. पण गाडीचा प्रमुख चालक असतो. दगड सोडण्याचा हुकूम तुमचा, म्हणून दगड तुमचा. तुम्ही बहुतेक वेळा उठून जायचा. एकदाच, एका दिवाळीत, थांबलात आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणालात, “सांगितलं म्या. न्हाई म्हनत न्हाई. पर हात तुमचे हुते.”

मी म्हणालो, “हे तुमच्या तोंडी शोभत नाही.”

तुम्ही पुन्हा तो विषय काढला नाहीत. मी मात्र काढत राहिलो.

घरी काढत होतोच, शाळेतही काढला. आठवीला उतार आणि घर्षण शिकवताना मी एक उदाहरण देऊ लागलो. दरवर्षी, एकाच शब्दांत. “एका ट्रकचालकाने घाटात चाकाखाली लावलेला दगड तसाच सोडला. त्या दगडावर एका दूधवाल्याची गाडी घसरली आणि त्याचा पाय गेला. निष्काळजीपणा म्हणजे काय, हे यावरून समजावे.” मुले गंभीर होत. वाक्यरचनेत ट्रकचालक कर्ता होता, दगड कर्म होते, आणि मी फळ्याशी खडू घेऊन उभा होतो.

तुमची वैशाली तीन वर्षे माझ्याकडे दौंडला शिकायला होती. तिनेही तो धडा ऐकला. दिवाळीला घरी आल्यावर फराळाच्या वेळी तिने तुम्हाला तो म्हणून दाखवला, अगदी माझ्या आवाजात. तुमच्या हातात करंजी होती. तुम्ही तिला विचारलेत, “मंग? कोन हुता त्यो ड्रायव्हर?”

“मामा नाव नाही सांगत.”

“असंल कुनीतरी,” तुम्ही म्हणालात आणि करंजी खाल्लीत.

मी समोरच बसलो होतो. लेकीच्या तोंडून स्वतःची गोष्ट ऐकून हा माणूस करंजी खातो, असे मला वाटले. त्या रात्री मी वैशालीच्या मामीला म्हणालो की गेंड्याची कातडी ऐकली होती, आज पाहिली. त्या गोष्टीत आणखी एक माणूस होता आणि तुम्ही त्याचेही नाव घेतले नव्हते, हे मला त्या रात्री सुचले नाही. ते सुचायला तुम्हाला मरावे लागले.

पुढच्या वर्षी तुमची गाडी चारा घेऊन दौंडच्या गोदामात आली होती. मी भेटायला आलो. गाडीच्या खालच्या चौकटीला एक बाभळीची उटी लटकत होती. उटी म्हणजे चाकाखाली सारायचा तिरपा ठोकळा. पूर्वी बैलगाडीबरोबर ठेवत, तसाच. तिला भोक पाडून दोन हात लांब दोरी ओवली होती, आणि दोरीचे दुसरे टोक चौकटीच्या कडीला बांधले होते. मी विचारले, “लाकडाच्या तुकड्याला दावं कशाला?”

“चोरीला जातंय, मास्तर. बाभळीचं हाय.”

मी म्हणालो, “एवढी काळजी त्या दगडाची घेतली असती तर बरं झालं असतं.”

तुम्ही खाली वाकून दोरीची गाठ तपासलीत. ती घट्टच होती. मग मला विचारलेत की तुमच्या शाळेची घंटा किती वाजता असते.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत मालकाने तुमच्याकडून घाटाची फेरी काढून घेतली. साखर, चारा, खत. शिरूर ते दौंड, दौंड ते शिरूर, सपाट रस्ता, मधे एक चढ नाही. मी अनुमान काढले की वय झाले, नजर गेली, उर्मट माणसाची हिंमत ओसरली. एकदा तोंडावर म्हणालोही, “काय दाजी, वाघ सपाटीवर?” तुम्ही म्हणालात, “सपाटी बरी असती, मास्तर. समोरचं समदं दिसतंय.” मला ते उत्तर भित्रे वाटले.

आता दशक्रियेच्या दिवसाकडे येतो. भाषणे संपली होती. मालकांची जीप निघून गेली होती. लिंबाखाली चहा चालला होता, तेव्हा एक चाळिशीचा माणूस माझ्या शेजारी उकिडवा बसला. बबन. घाटाच्या फेरीला तुमच्या मागे गाडी असायची त्याची. तुम्हाला तो आप्पा म्हणे. त्याने बशीत चहा ओतला आणि सहज हसत म्हणाला, “मालकानं बरं भाषण ठोकलं. म्हनं आवाज येत नसायचा. आप्पांच्या गाडीमागं घाट उतरायचा म्हंजी निस्ती शिक्षा हुती, गुरुजी.”

मी विचारले, का.

“दुसऱ्या गिअरात उतरायचे. मुंगीवानी. आन् वळण आलं की गाडी कडंला घ्यायची, चाकाला उटी लावायची, आन् खाली उतरून दगडं येचत बसायचे. चढणाऱ्या गाड्यांची राहिलेली, समदी. उचलून कठड्यापल्याड. मंग दोरीनं उटी वढून घ्यायची, आन् पुढच्या वळणाला पुन्ना तेच. आम्ही मागनं हॉर्न मारून मारून येडं व्हायचो. पोरं म्हनायची, आप्पांनी घाट झाडायचं टेंडर घेतलंय.”

“कधीपासून?”

“म्या लायनीला आलो तवापासनं. आठ वर्सं तर झालीच.”

“आणि न्यूट्रल?”

“कवाच सोडलं. पळत्या गाडीतनं दगडं दिसत न्हाईत ना.” त्याने चहा संपवला. “म्हनून तर मालकानं लायनीवरनं काढलं. फेरीला चार तास जास्ती. लई बोलला त्यो आप्पांना. आप्पा म्हनले, माझ्यानं आता दुसरीगत उतरवनार न्हाई, तुमी दुसरा बगा.”

मी विचारले की दोरी उटीला का बांधत, ते कधी बोलले का.

“लावली की इसरून जातंय मानूस, म्हनायचे. मागच्या गाडीचा हॉर्न आला की दगडाचं ध्यान ऱ्हात न्हाई. दोरी असली की उटी आपल्यासंगं येती.” बबनने बशी पुसून ठेवली. “आमी हसायचो. शेळी बांधलीया म्हनायचो.”

मग त्याने, मी न विचारता, एक गोष्ट सांगितली. तो दूधवाला अजून आहे. घाटमाथ्याच्या टपरीमागे त्याचे घर आहे. आता दूध घालणे सुटले, घरीच असतो. मी विचारले, “दाजी त्याच्याकडे जायचे का?”

बबन म्हणाला, “टपरीवर समदेच थांबत्यात, गुरुजी. मागं कोन जातंय, कोन बगतंय.”

दाजी, मला सर्वांत जास्त काय झोंबले ते सांगतो. मालक ज्या माणसाचे गुणगान करत होते आणि मी ज्या माणसाचा तिरस्कार करत होतो, तो एकच माणूस होता, आणि तो घाटात आठ वर्षांपूर्वीच संपला होता. मालकाला तो त्याच्या फायद्यासाठी जिवंत हवा होता. मला माझ्या. मी आयुष्यभर ज्या मालकाला तुच्छ लेखले त्याच्याच पंक्तीला बसून मी तुमच्या नावाने जेवत होतो. त्याने निदान माइकवर बोलून दाखवले.

पण म्हणून तुम्हाला मोकळे सोडत नाही. तुम्ही मला सांगायला हवे होते. गोदामापाशी मी ते उटीविषयीचे वाक्य बोललो तेव्हा सांगायला हवे होते. वैशालीपुढे सांगायला हवे होते. ‘चोरीला जातंय’ म्हणून टाळलेत, यात मला मोठेपणा दिसत नाही. मी चुकीचे शिकवत होतो आणि तुम्ही ते चालू दिलेत. शिक्षकाला चूक न दाखवणे हा त्याचा मान नव्हे. कदाचित तुम्हाला वाटले असेल की माझ्यासारख्या माणसाला सांगून उपयोग नाही. तसे असेल तर तुमचा निष्कर्ष बरोबर होता. निष्कर्ष बरोबर असला तरी तुम्ही तो माझ्या पाठीमागे काढलात, हे मला मान्य नाही.

आणि हेही लिहून ठेवतो. दगड वेचल्याने पाय परत येत नाही. तुम्हाला ते माझ्याहून नीट माहीत असावे, नाही तर घाट सुटेपर्यंत तुम्ही वेचत राहिला नसता.

तेराव्याला अक्काने ती उटी माझ्यापुढे ठेवली. मालकाच्या माणसाने गाडीतले तुमचे सामान आणून टाकले होते. टॉवेल, स्टीलचा डबा, देवीचा फोटो आणि ही. म्हणाली, “बघ, हे त्यांचं लाकूड. सरपणाला घालू का?” मी मागून घेतली. दौंडच्या एसटीत ती मांडीवर होती. कंडक्टरने विचारले, “गुरुजी, काय हाय?” मी म्हणालो, प्रयोगाचे साहित्य.

काल आठवीला उताराचा धडा होता. मी फळी टेबलाला तिरपी टेकवली, तिच्यावर ठोकळ्यांची गाडी ठेवली आणि खाली ती उटी लावली. मग नेहमीप्रमाणे सुरुवात केली, “एका ट्रकचालकाने घाटात चाकाखाली लावलेला दगड तसाच सोडला...” आणि थांबलो. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

“सर, लाकडाला दोरी कशाला?”

“लावणाऱ्याने ते मागे विसरू नये म्हणून.”

“आणि दगड लावला तर? दगडाला दोरी कशी बांधणार?”

“दगडाला बांधता येत नाही. तो ज्याने लावला, त्यानेच उचलायचा असतो.”

ती म्हणाली, “मग त्या ड्रायव्हरनं का नाही उचलला?”

मी खडू खाली ठेवला. “ड्रायव्हरने लावला नव्हता,” मी म्हणालो. “मी लावला होता.”

मी मुलांना सगळे सांगितले. डबाभर पाणी, मऊ डांबर, मागची रांग, तुमचे ओरडणे आणि माझे पळणे. तुमचे ओरडणे वगळले नाही, कारण ते घडले होते. माझे पळणे मात्र त्यांना पहिल्यांदाच कळले. शेवटी त्याच मुलीने पुन्हा विचारले, “मग सर, तुम्ही त्या दूधवाल्यांना भेटलात का?”

घंटा झाली होती. मी तिला म्हणालो, “अजून नाही. रविवारी.”

रविवारी पहिल्या गाडीने निघतो. टपरीच्या मागचे घर बबनने समजावून सांगितले आहे. तुम्ही तेथे कधी गेला होतात की नाही, ते मला तेथे पोचल्यावरच कळेल. गेला नसाल, तर दोघांचे मी सांगेन. गेला असाल, तर माझे एकट्याचे सांगायचे उरले आहे.